वाटाड्या

उम्म हैसमचा हिशेब सरळ होता. स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला राहणारा मुलगा हैसम फोनवर 'बरा आहे, जेवलो, ठेवतो' एवढंच बोलायचा. आणि तोच मुलगा रोज दुपारी गोळीबाराच्या खेळात शिरून अनोळखी लोकांशी तीन-तीन तास बोलत बसायचा. तेव्हा बोलणं जिथे आहे तिथेच जायचं. तिने अंगठी काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि माउस मुठीत धरला.

"खालती, इतका घट्ट नको," शेजारी बसलेली, खेळाच्या कंपनीतली गदीर म्हणाली; खालती म्हणजे मावशी. "पळून जात नाही तो."

"तीस वर्षं पोरांना सुया टोचल्यात मी. हलणारी वस्तू घट्टच धरावी लागते."

अम्मानमधल्या त्या कंपनीच्या खेळाला तीन वर्षांत एकच रोग जडला होता. जुने खेळाडू इतके पक्के झाले होते की नवा माणूस आत आला की अर्ध्या मिनिटात मरायचा, पुन्हा मरायचा आणि परत फिरकायचा नाही. मालक मोतसिम यांच्याकडे औषध तयार होतं : पहिले दहा सामने नवख्यासमोर बाहुल्या सोडायच्या. संगणकाने चालवलेल्या, पण माणसांची नावं लावलेल्या, मुद्दाम नेम चुकवणाऱ्या बाहुल्या. नवखा जिंकेल, खूश होईल, टिकेल. गदीरला ही शुद्ध फसवणूक वाटे. दोन वर्षं मागे लागून तिने स्वतःची योजना चाचणीपर्यंत आणली होती. नवख्याला खऱ्या मैदानातच न्यायचं, पण सोबत एक जुना खेळाडू द्यायचा, वाटाड्या म्हणून. एका सामन्यात नवख्याने स्वतः तिघांना टिपलं की तो तयार झाला. तोवर वाटाड्याने साथ सोडायची नाही. हे शेवटचं कलम तर तिने तीनदा खोडून लिहिलं होतं.

"चार नवखे, प्रत्येकी दहा सामने," मोतसिम म्हणाले होते. "तिघे तयार झाले तर तुझं. नाहीतर माझ्या बाहुल्या."

चौथी नवखी म्हणजे उम्म हैसम. जाहिरात वाचून ती आली होती, आणि आल्याआल्या वाटाड्यांची यादी मागितली होती.

"यात 'लांडगा ७७' आहे का कुणी?"

"आहे. ओळखीचा?"

"मी जन्माला घातलाय त्याला."

गदीरला हसू आवरलं नाही. वाटाड्या मागून घेऊ नये असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. "त्याला सांगायचं का?"

"खबरदार. कळलं तर म्हणेल, 'यम्मा, तू आपली विश्रांती घे.'"

तेव्हा माइक बंद राहिला आणि हैसमच्या पडद्यावर नुसता 'नवखा ४' उमटला.

पहिल्या सामन्यात नवखा ४ विसाव्या सेकंदाला मेला. दुसऱ्यात स्वतःच्याच हातबॉम्बने.

"चालायचंच, अम्मो," कानात हैसमचा आवाज आला. इतका हळू चालणारा माणूस कुणीतरी वयस्कर काकाच असणार, असं त्याने धरूनच टाकलं होतं. "पहिला महिना मीही नुसता मरत होतो. भिंतीला पाठ लावा. बोलू नका, राहू द्या, मी बोलतो."

आणि तो बोलला. नव्या घरमालकिणीबद्दल, बर्फावर घसरून फुटलेल्या फोनबद्दल. चौथ्या सामन्यात, दोघं एका पडक्या गोदामात लपलेले असताना, दाढ दुखतेय म्हणून सांगितलं. "घरी सांगायची सोय नाही हो. आई तिथून गोळ्यांची यादी पाठवते, वर दोन दिवस सारखे फोन करते."

उम्म हैसमने टेबलावरचा कागद ओढला, त्यावर एका गोळीचं नाव लिहिलं आणि कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली.

सहाव्या सामन्यात तिने दोघांना टिपलं. तिसरा समोरच्या खिडकीत उभा होता, पाठमोरा. गदीर आपल्या पडद्यावर सगळं बघत होती. नेम अगदी डोक्यावर होता.

"आत्ता, अम्मो! आत्ता!"

माउस बोटभर उजवीकडे सरकला. गोळी चौकटीत घुसली.

"हरकत नाही," हैसम म्हणाला. "घाई कुणाला आहे? उद्या बघू."

सातव्यात दोन. आठव्यात दोन. नवव्यात दोन.

तोवर इतरांचे निकाल आले होते. दोघे तयार झाले होते. तिसरा, एक बँकेतला कारकून, दुसऱ्याच दिवशी 'कामं आहेत' म्हणून गेला होता. सगळं येऊन उम्म हैसमवर ठेपलं. दहाव्या सामन्याआधी गदीरने तिच्यापुढे चहाचा पेला ठेवला.

"खालती, आज तिघं झाले तर बरं होईल. माझी योजना त्यावर आहे."

"तिघं झाले की तो जाणार?"

"हो. नियम आहे तसा."

"कुणी केला?"

"मीच."

उम्म हैसमने पेला उचलला. चहाचा एक घोट घेतला. मग कानाला यंत्र लावलं.

दहाव्यात दोन.

मोतसिमनी आकड्यांवरून बोट फिरवलं. "दोन तयार, एक पळाला, एक दहा सामने होऊन जिथल्या तिथे. या बाईचं काय झालं गं? सहाव्यापर्यंत तर चढत होती."

गदीरने पेनाला टोपण लावलं.

"वय आहे, उस्ताज."

"तेच म्हणतो मी. माणसाला शिकवण्यापेक्षा त्याला जिंकू दिलेलं परवडतं." त्यांनी कागद परत केले. "तिचं मात्र पूर्ण होऊ दे. तयार होईपर्यंत वाटाड्या, असं तूच लिहिलंयस ना? कुणाला दुखवू नकोस उगाच."

पुढच्या महिन्यात बाहुल्या आल्या. नवखे जिंकू लागले, टिकू लागले. मोतसिमचा तक्ता वर चढला. हैसमला धीराबद्दल खांद्यावर लावायची सोनेरी पट्टी मिळाली. गदीरकडे बाहुल्यांना नावं द्यायचं काम आलं, दिवसाला चाळीस नावं, खरी वाटतील अशी.

त्या सबंध खेळात वाटाड्या आता एकच आहे. त्याच्या नवख्याचा परवा एकसष्टावा सामना झाला. कागदावर 'तयार?' असा रकाना आहे. त्यात गदीरने 'अजून नाही' असं लिहिलं, आणि खाली, बाकीच्या साठ कागदांवर केली होती तशीच, सही केली.