श्रीहरीच्या मायची पोळी

डंपरच्या सीटचा पट्टा आता रामाजीच्या पोटावर जेमतेम पुरे. खाणीच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "साखर वाढली, वजनही वाढलं. पुढच्या तपासणीत उतरलेलं दिसलं नाही, तर डंपर विसरा."

रामाजी तयार होता, अगदी मनापासून. त्याची बायको सत्यशीला पहाटे उठून मूग उकडायची, काकडी चिरायची, एकच भाकर बांधायची. "बाहेरचं तोंडात टाकसान तं पाहा," म्हणायची.

पण कोळसा खाणीत डबा एकट्यानं उघडत नाहीत. सुट्टी झाली की पेपर अंथरायचा, त्यावर सगळ्यांचे डबे रिकामे करायचे. त्या दिवशी रामाजी आपला डबा घेऊन मोहाच्या सावलीत वेगळा बसला. पहिला घास उचलला अन् हात तिथंच थांबला. त्याचा बापही याच खाणीत होता, असाच झाडाखाली वेगळा जेवायचा. बापाला तसं बसवलं जायचं.

"काऊन बे, तिकडं काऊन बसला?" श्रीहरी ओरडला. "आमच्या हातचं चालत नाई का तुले आता?"

सगळे हसले. रामाजीला हसू आलं नाही.

श्रीहरी फडकं घेऊन जवळ आला. आत तुपानं भिजलेली पुरणपोळी. "मायनं खास तुझ्यासाठी देल्ली. मी हात लावला तं मारीन म्हणे."

श्रीहरीची माय, गिरजाबाई. रामाजीच्या बापाच्या ओंजळीत दारातून, उंचावरून पाणी ओतणारी. आता म्हातारी झाली, हात थरथरतात. त्याच हातांनी लाटलेली पोळी.

"मले साखर हाय, श्रीहरी."

"माहीत हाय बे. पण घरी गेलो का माय पहिलं हेच विचारते, खाल्ली का त्यानं? मी का सांगू तिले?"

रामाजीनं फडकं हातात घेतलं. तो उठला, डबा घेऊन पेपराशी येऊन बसला. मूग हातोहात गेले. "वहिनीच्या हाताले चव हाय," कुणीतरी बोटं चाटत म्हणालं. रामाजीनं पोळी मोडली. तूप मनगटापर्यंत ओघळलं. गोड होती, लई गोड. गिळताना बापाची ओंजळ डोळ्यांपुढून हलेना.

"गिरजाबाईले सांगजो, चांगली झाली."

"सांगतो. उद्या बी पाठवीन म्हणत होती."

भोंगा वाजला. रामाजी धापा टाकत डंपरच्या शिडीवर चढला. पट्टा ओढला, पोट आत घेतलं, श्वास रोखून धरला, तेव्हा कुठं खटका बसला.