पाहुण्यांना पाठ

आमच्या महिला महाविद्यालयाला पन्नास वर्षं झाली आणि हॉस्टेलच्या पोरींचे पाय गेले. सकाळपासून मांडवात उभ्या होतो. चंद्रपूरचं ऊन, अंगावर भाड्यानं आणलेली प्लास्टिकची पानं, डोक्यात रंगवलेली कोंबडीची पिसं. आमच्या गावात असलं कोणी घालत नाही, बाया लुगडी नेसतात. पण पाहुण्यांना आदिवासी दिसला पाहिजे ना!

सुकरी माझ्या खोलीतली, एटापल्लीकडची. बीएस्सीला कॉलेजात पहिली आलेली. भाषणं झाली की तिला मेडल मिळणार होतं. ते पाहायला तिचे बाबा, पत्रूभाऊ, आदल्या दिवशीच बसनं येऊन थांबले होते. अंगात नवा शर्ट, घड्या अजून मोडल्या नव्हत्या.

"मॅडम, नाच झाला का मले साडी नेसाची हाय. मेडल साडीतच घेतो," सुकरी म्हणाली.

"काही नको," सांस्कृतिक कार्यक्रमवाल्या वच्छला मॅडम म्हणाल्या. "पाहुणे निघताना परत नाचायचंय. ह्याच ड्रेसमध्ये घे, फोटो छान येतो. आणि ते गोल-गोल बंद करा बरं. पाहुण्यांना पाठ दिसते. अर्धा गोल, तोंड समोर!"

रेला म्हणजे एकमेकींच्या कमरेत हात घालून गोलात नाचायचं. तोंडं आत, पाठी बाहेर. तो कोणाला दाखवायचा नाच नाहीच. मंत्री आले तेव्हा सुकरीनं हे सांगितलं, तपासणीवाले आले तेव्हाही सांगितलं. आता सांगायचाही कंटाळा आला होता. नाचलो अर्ध्या गोलात.

नाच संपला तसे पत्रूभाऊ मागच्या खुर्चीवरून उठून आले.

"नाच तं मी गावातई पाहतो, पोरी. मी तुह्यं शिकनं पाहाले आलो. हे प्लास्टिक काऊन गुंडाळलं?"

सुकरीनं डोक्यातली पिसं काढली. गेली आणि साडी नेसून आली.

"हॉस्टेलात राहायचं नाही वाटतं?" मॅडम दात खाऊन म्हणाल्या.

"नाई मॅडम. निकाल लागला. खोली सोडूनच राह्यली मी."

मग भाषणं. संस्थेचा त्याग, जंगलातल्या कळ्या, अंधारातला दिवा. कळ्या उन्हात वाळत होत्या. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं आणि माईकवरून सांगितलं गेलं, वेळेअभावी गुणवंतांचा सत्कार होणार नाही, मेडल ऑफिसातून घेऊन जावं.

नाच मात्र रद्द झाला नाही.

"चला गं, गाडीसमोर!" मॅडम ओरडल्या.

सुकरी सरळ स्टेजवर चढली. तबकातलं आपल्या नावाचं मेडल उचललं, खाली आली आणि बाबांच्या हातात दिलं. मग आम्हाला म्हणाली, "चला. पुरा गोल करा आता."

पाहुणे गाडीशी उभे होते. त्यांच्यासमोर आम्ही कमरेत हात घालून गोल केला. पुरा. बंद. आत सुकरी आणि पत्रूभाऊ.

"तोंड इकडे! अगं ज्योत्स्ना, तू तरी वळ!" मॅडम मला म्हणत होत्या.

मी वळले नाही. कोणीच वळलं नाही. कोणी नाचलंही नाही, पायांत जीवच नव्हता. आत पत्रूभाऊंनी मेडलची फीत उलटसुलट करून पाहिली आणि लेकीच्या गळ्यात घातली.

"जड हाय काय वो?" त्यांनी विचारलं.

"नाई बाबा. हलकंच हाय."

मागं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. जाऊ दिली.