पुलाखालचा डबा

मी एक डबा बोलतोय. तळहातावर मावेन एवढाच आहे, पण माझ्यामुळे एकदा अख्खा पूल बंद पडला होता. ही फुशारकी नाही. त्या दिवसाचं मला अजून वाईट वाटतं.

जन्माने मी खोकल्याच्या गोळ्यांचा. गोळ्या संपल्या की आमच्या नशिबी टाचण्या येतात, नाहीतर कचऱ्याची टोपली. मला ताईने ठेवून घेतलं. ताई पूर्वी टपाल वाटायची. सगळं शहर तिच्या पायाखालचं. मग जिन्यावरून पडून तिचा कणा दुखावला आणि तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी एवढंच जग तिला उरलं. तिचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. गावभरच्या लिफ्ट त्याने चालू ठेवल्यात, त्याच्या स्वतःच्या इमारतीत मात्र लिफ्टच नाही.

या भावाला एक खेळ माहीत होता. कुठेतरी डबा लपवायचा, त्याचा ठावठिकाणा इंटरनेटवर टाकायचा आणि अनोळखी लोकांनी मोबाइलवर नकाशा बघत तो हुडकून आतल्या चिठ्ठीवर सही करायची. पदरात काही पडत नाही. सापडला याचाच आनंद.

"ताई, समोरच्या पुलाखाली लपवतो," तो म्हणाला. "शोधणारे येतील, तू बघत बस."

खेळाला नियम होते. पूल, रेल्वे, शाळा यांच्या आसपास डबा ठेवायचा नाही. डब्यावर खेळाचं नाव ठळक लिहायचं. भावाने ते वाचले आणि पुलाचं नावच न काढता खेळवाल्यांना 'नदीकाठी' असं कळवून टाकलं. डब्यावर खेळाचं नाव लिहिलं तर तो लगेच दिसेल, म्हणून तेही गाळलं. आत पाणी शिरू नये म्हणून मला काळी चिकटपट्टी गच्च गुंडाळली, पाठीला लोहचुंबक लावले आणि पुलाखालच्या लोखंडी तुळईला चिकटवून दिलं. एवढी निगा राखल्यावर मी दिसायला कसा झालो होतो, ते दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

ते दिवस बरे गेले. माणसं यायची, बुटाची नाडी बांधल्याचं सोंग करायची, कानाला फोन लावून स्वतःशीच बोलायची आणि हळूच तुळईखाली हात घालायची. वर ताई "डावीकडे, अरे डावीकडे" करत बसायची. संध्याकाळी भाऊ आला की आज कोण आलं आणि कसं गोंधळलं, हे तिखटमीठ लावून सांगायची. हे मला फार पुढे, घरी आल्यावर कळलं. तेव्हा मला फक्त लोकांचे हात ठाऊक होते.

एके दिवशी सकाळी कठडा रंगवणाऱ्या माणसाने एकाला असाच हात घालून चोरासारखं निघून जाताना पाहिलं. त्याने वाकून बघितलं. काळी पट्टी, चुंबक, वर ना नाव ना गाव. ब्रश टाकून तो पळत सुटला. मी त्याला बोल लावत नाही.

पोलिसांनी दोऱ्या बांधून पूल दोन्हीकडून बंद केला. बस अडकल्या. पलीकडच्या दवाखान्यात निघालेली, कळा सुरू झालेली एक बाई गाडीत अडकली आणि तिला लांबच्या रस्त्याने न्यावं लागलं. खिडकीतून गर्दी आणि पोलीस बघून ताईने त्यांना फोन लावला.

"पुलाखालचा तो डबा आमचा आहे. आत चिठ्ठी आणि पेन्सिल आहे, दुसरं काही नाही."

"तुम्ही कुठून बोलताय?"

"समोरच्या खिडकीतून. मला इथून सगळं दिसतंय."

बोलली ती खरंच, पण तेवढ्यावर दोन पोलीस धडधडत जिने चढून आले. त्यांतली हवालदार बाई मायाळू होती.

"तुमचं खरं असेल हो ताई," ती म्हणाली. "पण तुमच्या शब्दावर मी माझ्या माणसाला त्या डब्याला हात लावायला पाठवू का?"



मग बॉम्ब निकामी करणारं चाकांवरचं एक यंत्र माझ्यापाशी आलं आणि त्याने पाण्याचा असा फटका मारला की झाकण एकीकडे आणि मी एकीकडे. सह्यांच्या चिठ्ठीचा लगदा झाला. पेन्सिल वाहून गेली. दोरीपलीकडे कुणीतरी हसलं.

भावाला दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं. खेळवाल्यांनी त्याला काढून टाकलं. त्या बाईचं बाळ सुखरूप आहे, हे ताई त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेत होती.

खेळा बाबांनो, खुशाल खेळा. पण पूल सोडून लपवा आणि डब्यावर नाव घाला. लवकर सापडला तर सापडला.

पोलिसांनी मला परत दिलं. तेव्हापासून मी चेपलेला, झाकणाविना ताईच्या खिडकीत असतो. परवा एक म्हातारे गृहस्थ पुलावर आले. त्यांच्याकडे जुना ठिकाणा असावा. तुळईखाली हात घालून ते बराच वेळ चाचपडत राहिले. ताईने काचेवर टकटक केली. मग मुठीने केली. त्यांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पुलावरून येणारी एक बाई त्यांना पाहून थबकली आणि घाईघाईने मागे फिरली.

"पडदा लाव," ताई म्हणाली.

"अगं, जातील ते आता."

"लाव म्हणते ना."

भावाने पडदा ओढला. तो अजून उघडलेला नाही. मी पडदा आणि काच यांच्या मधे राहिलोय. मला इथून पूल दिसतो. ताई दिसत नाही.