लगद्याचा डबा

राजमतीचे यजमान शाळामास्तर होते. ते वारले त्याला तीन वर्षं झाली होती. मुलगी बेळगावला दिलेली. विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत राजमती एकटीच असे. सकाळचा दूधवाला सोडला तर दिवसभर तिच्याशी कुणी बोलत नसे.

चौऱ्याहत्तर साली शेजारचे जवाहरभाऊ भांडी घासायची पावडर करून विकू लागले. पण कागदी पुडे मोरीपाशी भिजत, पावडरीचे गोळे होत. राजमती आपणहून म्हणाली, "मी डबा करून बघते."

रद्दी भिजवून, कुटून, त्यात मेथीचं पीठ घालून तिनं तो लगदा उपड्या पितळी पेल्यावर थापला. पहिले डबे ओलीनं फुगले. मग आतून-बाहेरून मेण लावलं, तेव्हा टिकले. मेणाआधी वर गेरूचा पट्टा आणि चुन्याची बारीक नक्षी. जवाहरभाऊ एक दिवसाआड येत, झाकण लावून बघत, चहा घेत. त्या दिवशी ती लवकर आवरून, धुवट लुगडं नेसून बसे.

चाळीस डबे साताऱ्याच्या एका दुकानात गेले आणि संपले. त्यानंतर पंधरा दिवस जवाहरभाऊ फिरकले नाहीत. आले ते हातात प्लॅस्टिकचा डबा घेऊन. त्यावर तिचीच नक्षी छापली होती.

"वहिनी, तुमचा डबा वाळायलाच चार दिवस लागतात. मशीन दिवसात हजार काढतं. नक्षी मात्र तुमचीच ठेवलीय बघा."

"चांगला झालाय," ती म्हणाली. चहा न घेताच ते गेले.

महिनाभर तिनं कशाला हात लावला नाही. मग एका सकाळी साताऱ्याची एसटी धरून ती त्या दुकानात गेली. आपले डबे कुणी नेले, एवढंच तिला बघायचं होतं.

दुकानदार नानासो म्हणाले, "मागच्या गल्लीत धोंडुबाई हाय. जुनाच डबा आणती अन् सुटी पावडर भरून नेती. प्लॅस्टिकचा नगं म्हणती."

धोंडुबाईचा नवरा फौजेत होता. तिनं राजमतीला आत बसवलं, डबा पुढं ठेवला. नक्षी पुसट झाली होती, तळ मात्र कोरडा होता.

"तुमी केलाय व्हय? मग मलाबी शिकवा की."

"कागद भिजायलाच दोन दिवस लागतात."

"मग ऱ्हावा की दोन दिवस. घरी कुणाला कळवायचं हाय का?"



"नाही," राजमती म्हणाली, आणि रद्दी फाडायला बसली.