दोन्ही टाचा

"जिन्यावरून पडलात?" डॉक्टरांनी एक्सरे उजेडासमोर धरत विचारलं.

"हो."

"किती पायऱ्या?"

खाटेपाशी उभा असलेला कारखान्याचा मास्तर तिच्या वतीनं म्हणाला, "चार-पाच असतील, साहेब. जिना ओला होता."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "पायरी चुकली तर घोटा मुरगळतो, हात मोडतो. दोन्ही टाचा एकदम फुटतात त्या उंचावरून पायांवर आदळल्यावर. कंबर दुखते का? तिचाही एक्सरे काढू. अशा पडण्यात मणकाही दबतो."

कारखान्यात तिला सगळे काजवाली म्हणत. शर्टांना काजं करण्यात तिची उमर गेली होती. माल चोरीला जातो या संशयानं मास्तर दुपारी जेवायला जाताना बाहेरून कुलूप लावायचा. त्या दुपारी इस्त्रीजवळच्या चिंध्यांनी पेट घेतला. शेजारची बाई दिसेना इतका धूर दाटला. दारावर धडका मारून बायका थकल्या. काजवाली खिडकीपाशी होती. तिनं दुसऱ्या मजल्यावरून खाली फरशीवर उडी टाकली. मागाहून कुणीतरी पिंपातलं पाणी ओतलं आणि आग विझली. बाकी कुणाला खरचटलंही नाही. त्यामुळे उडी मारणारीच वेडी ठरली.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेल्यावर मास्तर वाकून म्हणाला, "ताई, कुलपाचं तोंडातून काढू नका. कारखाना बंद पडेल, एवढ्या बायकांच्या चुली विझतील. तुमची जागा मी राखून ठेवतो ना."

तिनं मान डोलावली. नवरा गेल्यापासून घर त्या काजाच्या मशीनवरच चाललं होतं.

डाव्या टाचेला नुसती चीर होती, हाड जागचं हललं नव्हतं. तिथं प्लास्टरवर भागलं. उजवीचा मात्र चुरा झाला होता. सांधाच खचून आत बसला होता. ऑपरेशन करून धातूची पट्टी आणि स्क्रू घालायचे होते, पण पाय भोपळ्यासारखा सुजलेला आणि त्यावर काळपट फोड.

"सूज उतरून कातडीला सुरकुत्या पडल्याशिवाय मी चाकू लावणार नाही," डॉक्टर म्हणाले. "घाई केली आणि जखम चिघळली, तर पायावर बेतेल."

"बघ, आता सुरकुत्यांची वाट बघायची," ती उशाशी बसलेल्या आपल्या मुलीला म्हणाली. "एरवी न बोलावता येतात."

दोघी हसल्या. ऑपरेशन झालं, पण टाक्यांचा एक कोपरा काळा पडला. रोज सकाळी पोर चादर उचलून जखमेचा वास घ्यायची, आणि ती मान वर करेपर्यंत आईचा श्वास अडकून राहायचा. कोपरा भरत आला तेव्हा त्यांना घरी सोडलं. टाचांवर भार द्यायला मात्र मनाई होती.

एका संध्याकाळी मुलगी दमून आली आणि ताट वाढता वाढता म्हणाली, "मी कामाला लागले, आई."

"कुठं गं?"

"तुझ्याच मशीनवर. मास्तरांनी बोलावून घेतलं."

काजवालीनं तिचं मनगट धरलं. "दुपारी दार..."

"लावतात."

"अजून?"

"हो. आणि खिडकीला गज बसवलेत. परत कुणी उडी मारू नये म्हणून."

"उद्यापासून जायचं नाही तू."

"मग खायचं काय? आणि मी नाही गेले तर दुसरी कुणीतरी बसेल तिथं." पोरीनं ताट पुढं सरकवलं. "जेव ना, निवतंय."

भार द्यायची परवानगी मिळाली त्या दिवशी काजवाली दवाखान्यातून घरी गेलीच नाही. वॉकर टेकत कारखान्यापाशी आली. सपाट रस्त्यावर जमत होतं. खडा पायाखाली आला की कळ मस्तकात जायची. जिना ती बसून, पाठमोरी, एकेक पायरी वर सरकत चढली.

मास्तर जेवायला निघताना दार ओढून घेत होता. तिला पाहून दचकला. "ताई! अहो, या पायानं कशाला..."

ती सरकत उंबऱ्यात आली आणि उजवा पाय दाराच्या फळीपुढं लांब केला. टाचेवरचा व्रण अजून जांभळा होता. "लावा आता."

"तमाशा नको, ताई. सरका."

"डॉक्टरांना खरं सांगून आलेय मी. जिना नव्हता, कुलूप होतं, असं."

मास्तरचा चेहरा उतरला. "कुणाच्या भाकरीवर पाय देताय कळतंय का तुम्हाला?"

"मोडका पाय आहे, मास्तर. फार जोर नाही त्यात."

आत मशीनं थांबली होती. कुणीतरी पुटपुटलं, "हिच्यापायी आता सगळ्यांचंच जाईल." मुलीनं मान वर केली नाही.

मास्तर जेवायला गेला नाही. कुलूप मुठीत धरून तिच्या थकण्याची वाट बघत तिथंच उभा राहिला. ऊन भिंतीवरून उतरलं. टाच पुन्हा सुजू लागली. काजवालीनं चपलेचा पट्टा सैल केला आणि पाय तसाच दारात राहू दिला.