नकटीची शेपटी

"उचलली! बघा ताई, कशी झेंड्यासारखी उचलली!" उंटवाले काका ओरडले.

कुंपणापलीकडून उंट नुसता फिरकला, की गाभण उंटीण ताठ होते आणि शेपटी वर करते. लांब राहा, असं बजावते. आज नकटीनं बजावलं. उंट पुढं गेला तशी ती सैल झाली आणि रोजच्यासारखा ताईच्या पांढऱ्या अ‍ॅप्रनचा कोपरा चघळू लागली.

"साहेबांना सांगू नका," काका हळूच म्हणाले. "नाही उचलली म्हणा. फार लाघवी आहे हो ही."

"आणि सोनोग्राफीत दिसलं म्हणजे? मला नोकरी तुम्ही देणार, काका?"

ताई प्रयोगशाळेत टेक्निशियन होती. गर्भ अगदी कोवळा असताना उंटिणीच्या गर्भपिशवीत कोणती जनुकं जागी होतात, यावर साहेबांचं काम चाललं होतं. गाभण उंटिणीची एक पिशवी कमी पडत होती. आणि पिशवी काही उसनी मागून मिळत नाही, त्यासाठी उंटीण कापावी लागते.

ताईला स्वतःला दिवस गेले होते. नवरा सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. कंत्राट वाढायचं होतं ना! आधीच्या टेक्निशियननं हौसेनं सगळ्यांना सांगितलं. साहेबांनी तोंडभरून कौतुक केलं आणि तिचं कंत्राट तेवढं संपू दिलं. साहेब कधी ओरडत नसत, केसानं गळा कापत.

ताईनं साहेबांना शेपटीचं सांगितलं. नकटी गेली.

पिशवीचे तुकडे ताईनंच कुटले, नळ्यांत भरले. उंटिणीचा गर्भ बहुतेक डावीकडेच रुजतो. निकालही तसाच आला: उजवी बाजू थंड, डावीकडची जनुकं खडबडून जागी.

"बघा, काय जय्यत तयारी चालली होती!" साहेब खुशीत म्हणाले.

तयारी! ताईला मळमळून आलं. ती बेसिनकडे धावली.

"काय हो ताई, गोड बातमी वाटतं?" मागून साहेब हसले. असंच हसत त्यांनी नकटीची मान थोपटली होती.

"छे हो, सर! पित्त उसळलंय."

बोलली आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. त्या मुक्या जनावरानं साऱ्या जगाला सांगितलं होतं. आणि हिनं, आई होऊन, पोटातल्या जिवाला पित्त म्हटलं.

संध्याकाळी ती स्टोअरमध्ये गेली. "अ‍ॅप्रन बदलून द्या. मोठ्यात मोठं माप."

"तुम्हाला? तंबू ठोकताय का ताई?" स्टोअरवाला हसला. "हा तर धडका आहे."

तिनं कोपरा पुढं केला. दातांनी पार चोथा झाला होता.

"उंटिणीनं चावलाय."

"द्वाड दिसते. बांधून ठेवा तिला."

"हो," ताई म्हणाली. चघळलेला कोपरा आत घेऊन तिनं जुना अ‍ॅप्रन नीट घडी केला आणि त्याच्या हाती दिला.