वरच्या घरचा ह्यू

माणूस जगाच्या कुठल्याही टोकाला गेला तरी पूर्वजांची माती त्याला परत बोलावतेच, याबद्दल बेटावर दुमत नव्हतं. माती मात्र जुलै-ऑगस्टमध्येच बोलावत असे. बाकीचे दहा महिने बोटी कमी असत.

मर्डिना गिलीस पोस्टातून निवृत्त झाल्यापासून जुन्या शाळेतल्या एका खोलीत बसून परदेशी पाहुण्यांना त्यांचे पणजे शोधून देई. पाहुणे थडग्यापाशी रडत, तिला मिठी मारत आणि बोट गाठत. तिचं स्वतःचं असं कोणी उरलं नव्हतं. म्हणून ओंटारिओच्या वॉल्टर गिलीसचं पत्र आलं, तेव्हा तिनं गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची वही जरा जास्तच मन लावून पाहिली.

वॉल्टरचा पणजा ह्यू, बाप डोनाल्ड, जन्म १८४८. वहीत असे दोन ह्यू होते. दोघांच्या बापाचं नाव डोनाल्ड. गावात दुसरं नाव ठेवायची पद्धतच नव्हती. एक किनाऱ्यावरच्या घरचा, म्हणजे शेजारच्या कॅलमच्या घराण्यातला. दुसरा वरच्या घरचा, म्हणजे मर्डिनाचा. तिनं वरच्या घरचा निवडला. मग हिवाळाभर "प्रिय बहीण" अशा मायन्याची पत्रं येत राहिली.

वॉल्टर येणार त्या सकाळी तिनं मटणाचं सूप चढवलं आणि दोन ताटल्या मांडल्या. कुंपणापलीकडून कॅलम ओरडला, "काय बाई, यंदाचा चुलतभाऊ कुठला?"

"कॅनडाचा. आणि हा खरा आहे."

"गेल्या वर्षीचा खोटा होता, पण कुंपणाचे खांब छान रोवायचा हो!"

वॉल्टर सत्तरीचा, बायको गेलेला, बोलका माणूस निघाला. बोटीवरून उतरल्यावर त्यानं तिचा हात धरला तो दफनभूमीपर्यंत सोडला नाही. "मर्डिना, आता दर वर्षी येणार मी. तू कंटाळशील."

"बघू या," ती म्हणाली.

वरच्या घरच्या डोनाल्डच्या थडग्याचा दगड अर्धा गवतात रुतला होता. फोटो नीट यावा म्हणून वॉल्टरनं बोटांनी माती उकरली, बाटलीतलं पाणी ओतलं. खाली आणखी एक ओळ निघाली, गेलिकमधली, म्हणजे बेटाच्या जुन्या भाषेतली.

"काय लिहिलंय गं?"

दगडावर 'ह्यू, वय वर्षे तीन' असं लिहिलं होतं. तीन वर्षांचं पोर काही कॅनडाला जाऊन संसार थाटत नाही.

मर्डिनाला वहीतली पुढची नोंद आठवली: त्याच घरात नंतर झालेली मुलगी, ह्यूइना. बेटावर मेलेल्या मुलाचं नाव वाया घालवत नाहीत. पाठीवर मुलगी झाली तर तेच नाव शेपूट लावून तिला देतात. मर्डिनाचा स्वतःचा थोरला भाऊ मर्डो तीन ओळी पलीकडे निजला होता, वय आठ महिने. वहीत ह्यूइना हे नाव पाहिल्याबरोबर तिला कळायला हवं होतं. कळलंही होतं. तिनं पान उलटलं होतं, इतकंच.

"बायबलातलं वचन आहे का?" वॉल्टरनं विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. त्याला गेलिक येत नव्हतं आणि ज्यांना येत होतं, ते त्याच्याशी बोलले नसते. पण मग दर वर्षी हा माणूस परक्या पोराच्या थडग्यापाशी रडणार आणि ती शेजारी उभी राहून बघणार.

"नाही," ती म्हणाली. "माझी चूक झाली. तुमचा ह्यू दुसरा."

"तुमचा" ऐकून वॉल्टरनं बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाला, "पण आपलं जमलं होतं ना चांगलं?"

"जमलं होतं. चला, उशीर होईल."

तिनं त्याला किनाऱ्यावरच्या घराच्या दारापर्यंत पोचवलं. आतून कॅलमचा आवाज आला, "अरे वा, ये ये! पाय पुसून ये." दार लागल्यावर ती चढावरून घरी आली. सूप अजून गरम होतं.

कॅलमला आधीच चौतीस चुलत भावंडं होती.